सवडीने द्या

२ मार्च

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे जाईना. नुसतं दादा चालवून घे. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्ता वहिनीच्या बहिणीकडून मिळाला. तिच्यावर चिडू नकोस, आईचं काहीतरी आहे एवढंच मी तिला सांगितलं, आणि ते खोटं नाही.

आपल्याला घर सोडायचंय. म्हणजे मला आणि आईला. 'आपल्या'त तू येतोस की नाही हे तूच ठरव. घरमालकाच्या मुलाला जागा हवी आहे, पुढच्या महिनाअखेरीस खाली करा म्हणाले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मुलगा येऊन खोल्यांची मापंसुद्धा घेऊन गेला. आई सोफ्यावर बसली होती, तिच्या पायांवरून त्याने टेप ओढली. आईने पाय वर घेतले आणि विचारलं, "किती भरलं रे?" तो लाजला आणि तिला आकडा सांगितला.

सोफा तोच, तुझ्या फर्निचरच्या दुकानातला. दुकानाला टाळं लागायच्या आदल्या दिवशी तू तो इथे आणून टाकलास आणि दोन दिवसांनी गाव सोडलंस. बँकेने दुकानातलं बाकी सगळं नेलं, ते पुरलं नाही, मग जामीन म्हणून ती माझ्याकडे आली. म्हणजे तुझ्या दुकानातल्या दोनच वस्तू शिल्लक राहिल्या, एक सोफा आणि एक मी.

पुढचं तुला माहीत नसेल, कारण तू विचारलं नाहीस. तुझं कर्ज एकरकमी फेडणं माझ्या सात जन्मांत झालं नसतं. म्हणून कर्जसल्ला कार्यालयाने मला पाच वर्षांची योजना बांधून दिली. दर महिन्याला पगारातून ठरलेला हप्ता जातो, बँक व्याज लावत नाही, आणि पाच वर्षं निभावली की उरलेलं माफ. सध्या शेवटचं वर्ष चालू आहे. अटी दोन आहेत. आधी परवानगी घेतल्याशिवाय कोणाकडूनही कर्ज घ्यायचं नाही, अगदी नातेवाइकाकडूनही नाही. आणि हातात येणारा प्रत्येक पैसा त्यांना दाखवायचा. अट मोडली तर योजना मोडू शकते, आणि मग सगळं कर्ज व्याजासकट माझ्या मानगुटीवर. माझी फाईल बघणाऱ्या बाईंना मी हप्तेबाई म्हणते. तोंडावर नाही.

आता घराचं. जिन्यात पडल्यापासून आई खाली उतरलेली नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तुला आठवत असेल. मी चष्म्याच्या ज्या दुकानात काचा बसवते त्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळतायत. मालक म्हणजे एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत. दार उघडलं की समोर छोटं अंगण, नळ आणि बसायला दगडी बाक. तीन महिन्यांचं भाडं अनामत मागतायत. माझे दुकानमालक पगारावर उचल द्यायला तयार आहेत. तशी परवानगी मिळावी म्हणून मी हप्तेबाईंकडे अर्ज टाकलाय.

पुढचं वाक्य वाचायला घाबरू नकोस, मी पैसे मागत नाहीये. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सामान हलवायचं आहे. आईला खुर्चीत बसवून खाली आणावं लागेल आणि त्याला दोन माणसं लागतात. एका बाजूला मी आहे. दुसऱ्या बाजूला तू ये. एक दिवस. संध्याकाळच्या गाडीने परत जा.

तुझी बहीण

१४ मार्च

दादा,

तुझा निरोप मिळाला. दीड ओळ. पाठ धरली आहे, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे, काहीतरी बघतो. तुझी पाठ लवकर बरी होवो. आईचं वजन आता किती राहिलंय ते तू पाहिलेलं नाहीस, नाहीतर हे कारण तुझं तुलाच सांगवलं नसतं. तिला मी म्हटलं, दादाला सुट्टी मिळत नाहीये. ती म्हणाली, मोठ्या जागेवर आहे, मिळायची नाहीच.

एक बरी बातमी. परवानगी मिळाली. हप्तेबाईंनी मला समोर बसवून पगार, हप्ता, भाडं, आईची औषधं अशी सगळी बेरीज करायला लावली आणि मग म्हणाल्या, "तुम्ही विचारायला आलात हे बरं केलंत. लोक आधी घेतात आणि मग रडत येतात." उचल दर महिन्याला थोडी थोडी कापून घ्यायची. मी बाहेर आले तेव्हा जीव भांड्यात पडला होता. जिन्यावरच उभी राहून घटाघटा पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाकांकडे गेले. काका म्हणावं असं त्यांनीच सांगितलं. आईची चाकांची खुर्ची किती रुंद आहे हे त्यांनी विचारून घेतलं आणि उंबऱ्यावर टाकायला फळीचा उतार करायला घेतला. दहा एप्रिलपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले, त्यापुढे नाही, कारण एक जोडपं रोज चकरा मारतंय. माणूस सरळ आहे. मी आईला सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "बाकावर बसलं की माणसं दिसतात का?" दिसतात म्हटलं. त्यावर तिने पेटीतून ती निळी साडी काढून ठेवायला सांगितली. दारात बसायचं तर नीटनेटकं बसायला हवं म्हणे.

तुझी बहीण (आणि जामीन)

२३ मार्च

दादा,

आज दुकानातून बँकेत गेले होते. खात्यात पैसे आलेले दिसले. तीन महिन्यांच्या भाड्याला पुरून वर सामानाच्या गाडीचे निघतील एवढे. आधी वाटलं कोणाची तरी चूक झाली. मग तुझं नाव पाहिलं, आणि पुढे शेऱ्यात तू लिहिलेलं: 'उसने. सवडीने द्या.'

तिथेच बाकड्यावर बसले आणि रडले. खोटं कशाला बोलू. शेजारच्या बाईने रुमाल दिला आणि विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कोणीतरी परत आलंय.

'सवडीने द्या.' बाबांनंतर हे शब्द मी कोणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. सायकलच्या दुकानात ते पंक्चर काढत बसायचे, कोणीतरी येऊन नुसतं घुटमळत उभं राहायचं, आणि बाबा मान वर न करता विचारायचे, "किती?" मग हात पुसून खिशातून काढून द्यायचे. वर त्या माणसाकडून वदवून घ्यायचे की उसने घेतोय, परत देईन. "सवडीने द्या," एवढंच म्हणायचे. त्याला दान घेतल्यासारखं वाटू नये म्हणून हे सगळं नाटक. परत कधीच मागायचे नाहीत. पुढे तो माणूस रस्त्यात दिसला तर बाबाच पलीकडच्या बाजूने जायचे, त्याला खाली मान घालायला लागू नये म्हणून. एकदा एका शिक्षकांनी पैसे खरंच परत आणून दिले तर आठवडाभर घुश्शात होते. माणसाने मला परकं केलं म्हणाले.

आपल्या घरात उसने म्हणजे दिले. हे तुला आणि मला सोडून आता कोणाला माहीत आहे? आईला. तिला मी घरी येऊन लगेच सांगितलं. तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. म्हणाली, "बापावर गेलाय. मी म्हणत नव्हते?"

आज तुला तीर्थरूप लिहायला हरकत नव्हती, पण सुरुवात करून झाली आहे. माझ्या मागच्या दोन पत्रांत जे टोचून बोलले ते पोटात घाल. पैशांचं मी उद्याच हप्तेबाईंना कळवते. आता दुकानातून उचल घ्यायची गरजच नाही.

तुझी धाकटी

२९ मार्च

दादा,

एक छोटंसं काम कर, पण लगेच कर.

मी पैशांचं कळवायला गेले तर हप्तेबाईंनी बँकेचा उतारा पुढे ओढला आणि तुझ्या शेऱ्यावर पेन टेकवलं. "हे कर्ज आहे. न विचारता घेतलेलं." मी हसले. म्हटलं, "अहो, ती आमच्याकडची रीत आहे." आणि त्यांना बाबांचं सगळं सांगितलं. सायकलचं दुकान, रस्ता बदलणं, शिक्षकांवरचा घुस्सा. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचे वडील फार मोठे होते हो. पण माझ्या वरच्या साहेबांपुढे मी रीत कशी ठेवू? त्यांना शब्द दिसतो. उसने म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे अट मोडली."

मग त्यांनीच वाट सांगितली. तू तीन ओळी लिहून सही करून पाठवायच्या. हे पैसे बहिणीला भेट दिले आहेत. ते कर्ज नाही. मी ते परत मागणार नाही. बस. त्या ओळी आल्या की पैसे अनामतीला वापरायची मोकळीक. तोपर्यंत पैशांना हात लावायचा नाही आणि दुकानातल्या उचलीची परवानगीही थांबवली आहे, कारण त्यांच्या लेखी एक कर्ज माझ्या डोक्यावर नव्याने आलेलं आहे.

म्हणजे बघ, आधी माझ्याकडे एक रस्ता होता, आता एकही नाही. हा दोष तुझा नाही. तुला काय ठाऊक. पण दहा तारीख डोक्यावर आली आहे. मी तीन ओळी कोऱ्या कागदावर टाइप करून सोबत ठेवल्या आहेत. फक्त सही कर आणि कुरियरने पाठव. असं उघड 'भेट' लिहायला तुला बाबांसारखंच जिवावर येईल. या वेळेपुरतं खाली मान घालून घे माझ्यासाठी, मला लाज वाटणार नाही.

आईने कपड्यांची पेटी आवरायला घेतली आहे. दर अर्ध्या तासाने मला विचारते, नळाला पाणी दिवसभर असतं ना?

तुझी बहीण

८ एप्रिल

दादा,

कुरियर मिळालं. मी पाठवलेला कागद सहीविनाच परत आला आहे. सोबत तुझी चिठ्ठी. तुझीच वाक्यं तुला वाचून दाखवते, लिहिताना कदाचित कानावर पडली नसतील.

'गैरसमज नसावा. मी पैसे उसनेच दिले आहेत. मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले होते, तुझ्या वहिनीला मी शब्द देऊन घेतले. त्यामुळे भेट असं लेखी देता येणार नाही. सवडीने म्हणजे घाई नाही, पण वर्षअखेरीपर्यंत मिळावेत.'

'मिळावेत' वाचून मी खुर्चीत बसले. तू मला पैसे दिलेस ही चूक नव्हती. न देतास तरी चाललं असतं, मी मागितलेच नव्हते. मी तुला एक दिवस मागितला होता. तुझ्या पाठीला तो झेपला नाही, म्हणून तू पैसे पाठवून मोकळा झालास, आणि तेही परतीच्या बोलीवर. आणि शब्द मात्र बाबांचे वापरलेस. ते शब्द तरी सोडायचे होतेस. साधं 'परत कर' लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी पैसे उलट पाठवले असते आणि माझी उचल वाचली असती.

वर मला हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या बँकेचा मी हप्ता भरते ते कर्ज कोणाचं आहे? तुझं. म्हणजे तुझं कर्ज फेडताना मला घर घ्यायला तू कर्ज दिलंस, आणि त्या कर्जापायी तुझं कर्ज फेडायची योजना मोडायला आली. मुलीला प्रवेश मिळू दे. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या आत्याची तिला आठवण तरी असेल का, कोण जाणे.

तुझी चिठ्ठी हप्तेबाईंना दाखवावी लागली. हातात येणारी गोष्ट दाखवायची ही अट आहे ना. एवढं सगळं त्यांना मोठ्या तोंडाने सांगून आले होते, आता तोंडघशी पडले. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. रीतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन, आणि हे ऋण त्यांच्या फाईलमध्ये लिहायचं कारण नाही.

निकाल असा. मी स्वतः येऊन सांगितलं म्हणून योजना मोडली नाही. पैसे तुला ताबडतोब परत करायचे. उचलीची परवानगी रद्द. आणि अट मोडल्याबद्दल योजना एक वर्षाने वाढली. शेवटचं वर्ष आता शेवटचं राहिलं नाही.

मी ड्रायव्हरकाकांकडे जाऊन सांगितलं की थांबू नका. त्यांनी दोन दिवस अजून देऊ केले. दोन दिवसांत काय होणार होतं? उताराची फळी रंगवून दारात वाळत ठेवली होती, तिच्यावरून पाय पडू नये म्हणून मी वळसा घालून निघाले.

बहीण

४ मे

दादा,

पैसे परत पोहोचल्याचं बँकेने कळवलं. बाबा असते तर घुश्शात गेले असते. तू नसशील.

घर बदललं. नवी जागा चौथ्या मजल्यावर आहे. वरती पत्रा आहे, दुपारी भट्टी होते, म्हणून कोणी घेत नाही आणि म्हणून अनामत मागत नाहीत. लिफ्ट इथेही नाही. सोफा आणता आला नाही. जुन्या घराच्या जिन्यात मालकाने मध्ये लोखंडी दार बसवलंय, त्यातून तो निघेना. हमालाने विचारलं, कापू का? मी म्हटलं, राहू दे. आता मालकाचा मुलगा बसेल त्यावर. तुझ्या दुकानाचं शेवटचं गिऱ्हाईक, आणि तेही फुकट.

त्या रविवारी सकाळी ड्रायव्हरकाका दारात उभे. घर त्यांनी त्या जोडप्याला दिलं होतं, ते आमचं काही देणं लागत नव्हते. कमरेला पट्टा बांधून आले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. म्हणाले, "आईंची खुर्ची कुठाय?" एका बाजूला ते, एका बाजूला मी. दर वळणावर ते म्हणायचे, "आजी, पुढे खड्डा आहे, सांभाळून," आणि आई हसायची. तिने निळी साडी नेसली होती. मी नको म्हटलं नाही.

गाडीत सामान चढेपर्यंत आम्ही तिला फुटपाथवर बसवलं. तिने चपला काढल्या आणि पाय जमिनीवर टेकवले. बोटं हलवून पाहिली. समोरून शाळेतली पोरं गेली, एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली, एक कुत्रा येऊन खुर्ची हुंगून गेला. आई सगळ्यांकडे बघत होती, कुत्र्याशी बोललीसुद्धा. काका मला हळूच म्हणाले, "अजून थोडं राहू द्या, गाडीवाल्याला मी सांगतो." मग आम्ही तिला पुन्हा उचललं आणि चार मजले चढलो. दुसऱ्या मजल्यानंतर ती हसली नाही.

आता तुला एक गोष्ट सांगते जी मी इतकी वर्षं लिहिली नाही. आईला वाटतं कर्ज माझं आहे. तू गेलास तेव्हा तिला दुकान बुडालं हे कळलं असतं तर ती टिकली नसती. म्हणून मी सांगितलं की तुला बाहेर चांगली नोकरी लागली, तू दुकान विकलंस, आणि कर्ज मी माझ्या हौसेपायी काढलं. कोणती हौस हे तिने विचारलं नाही आणि मी जुळवलंही नाही. तेव्हापासून हप्त्याच्या तारखेला ती मला म्हणते, "दादाकडून जरा व्यवहार शिक."

काल पत्रा तापला होता. मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. तिने डोळे मिटलेले ठेवूनच विचारलं, "त्याने पाठवलेले पैसे संपले का गं?"

मी हो म्हटलं.

"एवढे? त्याने परत तर मागितले नाहीत ना?"

मी म्हटलं, "नाही गं. तो कसला मागतोय."

"मग झालं तर. त्याने बापाचं नाव राखलं. तुला मात्र दिलेलंसुद्धा ठेवता आलं नाही." आणि तिने कूस बदलली.

मी फडकं पिळून पुन्हा ठेवलं. तिचं ऊन कमी करता येत नाही, निदान तिचा मुलगा तरी तिच्याजवळ राहू दे असं वाटलं. पण दादा, हे नाव मी तुला देऊन टाकलेलं नाही. बाबांचं उसनं ते नव्हे. तुझ्या घरात ज्याला उसनं म्हणतात तसलं आहे, परतीच्या बोलीवरचं. ये, तिच्यासमोर बस, आणि कर्ज कोणाचं होतं ते तुझ्या तोंडाने तिला सांग.

सवडीने नको. वर्षअखेरीपर्यंत.

पाठ सांभाळून ये, चार मजले आहेत.